मौनाचं पीस

ल्होत्का, ८ सप्टेंबर २०२४

प्रिय वेंदुला,

तुझा पत्ता तुझ्या आईच्या खणात सापडला, तू पाठवलेल्या नाताळच्या कार्डांच्या गठ्ठ्यात. त्यांनीच, मावशींनीच, काढायला सांगितला. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाकिटावर पाहून तू दचकशील, म्हणून आधीच सांगते: मावशी आहेत. पण बऱ्या नाहीत.

जुलैत खिडक्या पुसताना स्टुलावरून पडल्या. एकोणऐंशीव्या वर्षी खिडक्या! मी रागावले तर म्हणाल्या, "मग काय धुळीतून बघू रस्ता?" खुब्याचं ऑपरेशन झालं, ते निभावलं. मग छातीत पाणी झालं. आता जिल्ह्याच्या इस्पितळात, जिथून म्हातारी माणसं सहसा घरी परत येत नाहीत त्या मजल्यावर आहेत. खिडकीजवळची खाट मिळाली आहे. डॉक्टरीणबाई मला कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "ज्यांना यायचंय त्यांनी थडग्यांवर मेणबत्त्या लावायच्या दिवसापर्यंत थांबू नये." म्हणजे दोन नोव्हेंबरच्या आत. मी नात्याची नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी अजून आपल्या स्काउट पथकातच आहे. हसशील. पंचेचाळिसाव्या वर्षी अर्धी चड्डी घालून पोरींबरोबर रानात हिंडते, वसंतात झऱ्यांची तोंडं साफ करते, डिसेंबरात आगगाडीवरून बेथलेहेमची ज्योत कंदिलात घालून आणते आणि घरोघर वाटते. दर मंगळवारी पोरींना घेऊन त्या मजल्यावर जाते. त्या वाचून दाखवतात, गाणी म्हणतात. तुझी आई ऐकून घेते आणि म्हणते, "पोरींनो, सूर शिबिरातच विसरून आलात का गं?" आमची योहान्का, अकरा वर्षांची, जिभेला हाड नाही, ती लगेच म्हणाली, "आजी, तुमच्या कानातलं यंत्र खोक्यात आहे. आम्ही सुरातच आहोत." मावशी इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

पण पोरी बाहेर पडल्या की त्या माझा हात धरतात. "वेंदा आली का?" मी म्हणते, येईल. "तिकडे बोटी बंद पडल्यात का?" मी म्हणते, नॉर्वेहून विमानं येतात मावशी. "मग?" मी पाण्याचा पेला पुढं करते.

रविवारचा तुझा फोन आता त्यांना घेता येत नाही, कानाशी धरवत नाही. तू ये. वडिलांच्या वेळी आली होतीस तशी एका दिवसासाठी नको, बसण्यासाठी ये.

शिबिरातल्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. बोलायचं ते आपण तेव्हाच बोललो. एवढंच सांगते, आमच्या पथकात आता लाकडी चकतीवर कोरायला दोनच पिसं मिळवता येतात, चोवीस तास उपासाचं आणि चोवीस तास कुणालाही न दिसता रानात राहायचं, एकांताचं. मौनाचं मी ठेवलं नाही. शेजारच्या गावची पथकं आम्हाला "दोनपिशा" म्हणतात. योहान्का रोज भुणभुण लावते, "सगळ्यांच्या चकतीवर गरुडाची तीन पिसं, आमच्याच दोन. आम्ही काय गरुड की कोंबड्या?"

ये गं.

तुझी,
सोयका

ल्होत्का, २९ सप्टेंबर २०२४

वेंदुला,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलं असणार, परत आलेलं नाही. तू उत्तर देणार नाहीस हे मला माहीत होतं, आणि खरं सांगू, ते पत्र मी तसंच लिहिलं होतं, उत्तर न आलं तरी चालेल असं.

गेल्या मंगळवारी मावशी खिडकीकडे बघत होत्या. पोरी गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ब्लांका, तुमच्या त्या पिसांनी माझ्या दोन्ही पोरी नेल्या. धाकटीला मातीत, थोरलीला उत्तरेला." रागानं नाही. आज जेवणात काय होतं हे सांगावं तसं. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "तू एकटीच राहिलीस. तू आमच्या ब्येत्कावर फार माया केलीस." मी त्यांची उशी सारखी केली आणि घरी आले. कोट न काढता तासभर स्वयंपाकघरात बसून राहिले.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. जगात मला एकटीलाच माहीत आहे.

ब्येत्काला पुरून आल्यावर आपण दफनभूमीच्या भिंतीशी बाकावर बसलो होतो. तू सोळा, मी पंधरा. तुझ्या काळ्या मोज्याला भोक पडलं होतं आणि तू ते बोटानं मोठं करत होतीस. तू म्हणालीस, "तिनं मला हाक मारली होती, सोयके. एकदाच. एकांताच्या पिसासाठी मी रास्पबेरीच्या जाळीत दबून बसले होते. हसू दाबत होते. ओ दिली नाही. ओ दिली असती तर पीस गेलं असतं." मग म्हणालीस, "मी ओ दिली असती तर ती माझ्याकडे वळली असती. दगडखाणीच्या कडेला गेली नसती."

मी तुझा हात धरून बसले. बऱ्याच वेळानं तू नाक पुसलंस आणि म्हणालीस, "बरं झालं, तू काही बोलली नाहीस."

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकते आहे.

माझं मौनाचं पीस आठव. दोनदा हुकलं होतं. पहिल्यांदा तर चाळीस मिनिटांत. पायावरून बेडूक गेला आणि मी किंचाळले. दुसऱ्यांदा झोपेत बोलले, आणि तंबूतल्या पोरींनी साक्ष दिली. तिसऱ्यांदा हुकलं की पुन्हा कधीच नाही. आपली पथकप्रमुख लिश्का, तिनं मला सोयका हे नाव दिलं तेव्हा म्हणाली होती, रानात कुणी शिरलं की सगळ्यात आधी बोंब मारतो तो पक्षी. सगळं शिबिर पैज लावून बसलं होतं की या बोंबल्या पाखराला चोवीस तास चोच मिटता येणार नाही. आदल्या संध्याकाळी सहाला मी तोंड बंद केलं. कुणाला चिठ्ठीही लिहायची नाही, खाणाखुणाही करायच्या नाहीत, हे आमच्याच पथकाचे जास्तीचे नियम. इतर पथकांत लिहिलेलं चालायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सगळ्या तंबूत आडव्या झाल्या होत्या. मी एकटी स्वयंपाकाच्या छपराखाली बटाटे सोलत होते. बाहेर राहिलं की कुणी चिडवत नाही. ब्येत्का आली. पायात तिचे ते लाल रबरी बूट, उन्हातसुद्धा. हातात रुमालात गुंडाळलेली, गोड पावासारखी खसखशीची बुख्ता, सकाळी तुझ्यासाठी वाचवलेली. माझ्यासमोर उकिडवी बसली. म्हणाली, "तुलाच सांगते. कारण तू कुणाला सांगूच शकत नाहीस." आणि मला सांगितलं ती कुठं चालली आहे ते. खाणीवरच्या रास्पबेरीत, जिथं रविवारी तुम्ही दोघी गेला होतात. तू तिथंच लपली असशील हे तिनं ओळखलं होतं. आणखीही काही बोलली, पोरांचं बोलणं.

मी मान हलवली नाही. सुरी हातात होती. एप्रनच्या खिशात पेन्सिलही होती, त्या आठवड्यात भांड्यांची यादी मी करत होते. ती गेली. लाल बूट कुंपणाच्या दोरीखालून गेले. चारच तास राहिले होते, वेंदुला. मला वाटलं, सहाला सांगेन.

मी मौनाचं पीस बंद केलं आणि एकांताचं चालू ठेवलं, हे वाचून तुला प्रश्न पडला असेल. त्याचं उत्तर हे आहे. तुझ्या पिसानं काही केलं नव्हतं.

मावशींना ताप आहे. थोडाच.

सोयका

ल्होत्का, १३ ऑक्टोबर २०२४

वेंदुला,

काल आम्ही खाणीवर झाडं लावायला गेलो होतो. तुला ते रान ओळखू येणार नाही. साल पोखरणाऱ्या भुंग्यानं चार वर्षांत सगळी स्प्रूसची झाडं खाल्ली, वाळलेली झाडं कापून नेली, आता टेकडीवर नुसती खुंटं आहेत. खाण रस्त्यावरून दिसते. दूध आणायला जातानासुद्धा दिसते. आपल्या वेळी कडेपाशी जाईपर्यंत कळायचं नाही की पुढं जमीन नाही. वनखात्यानं बीच वृक्षाची रोपं दिली, पोरी रांगेनं खड्डे खणत होत्या. कडेला मी स्वतः दोरी बांधली, दुहेरी, आणि दोरीपाशी मीच उभी राहिले.

योहान्का फावडं टेकवून म्हणाली, "ब्लांकाताई, खरं सांगा ना, तुम्हाला मौनाचं पीस मिळालं होतं का?"

"मिळालं होतं."

"शप्पथ? तुम्हाला? मग आम्हाला का नाही?"

"खण तू."

"बघा बघा, गप्प बसायचं झालं की कसं लगेच जमतं!"

पोरी हसल्या. मी घरी येऊन पथकाची जुनी बखर काढली, चौऱ्याण्णवची. शेवटच्या लिहिलेल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: "सोयकानं चोच मिटली! तिसरं पीस!" शेजारी रंगीत पेन्सिलीनं काढलेला पक्षी, चोचीला कुलूप. ते मी सहा वाजायच्या आधीच लिहून ठेवलं होतं, साडेपाचला, इतकी खात्री होती. त्याच्यानंतरची पानं कोरी आहेत.

सहाला मी काय केलं ते मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मी ठेवलं.

झेंड्याखाली सगळ्या रांगेत उभ्या होतो. लिश्कानं घड्याळ बघितलं, हात वर केला आणि ओरडली, "सोयके, बोल!" टाळ्या, शिट्ट्या. मी कोकलले, "भूक लागली!" सगळं शिबिर हसलं. मला इतका आनंद झाला होता की मी खरंच विसरले होते, वेंदुला. अर्धं मिनिट. मग लिश्कानं डोकी मोजली. तू एकांतात होतीस, तुला सोडून एक कमी. "ब्येत्का कुठंय?" कुणालाच माहीत नव्हतं. लिश्का माझ्याकडे वळली. "सोयके, तू दिवसभर चुलीपाशी होतीस. दिसली का तुला?"

मी म्हणाले, "नाही."

चोवीस तास जपलेल्या तोंडातून निघालेली ती दुसरी गोष्ट.

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, कधी. दोनला. मग चार तास काय करत होतीस? समोर सगळ्याजणी उभ्या होत्या, अजून टाळ्यांसाठी हात वर असलेल्या. मला वाटलं, येईलच ती आत्ता, खसखस लागलेल्या तोंडानं. मग लिश्का "पाणी!" म्हणाली आणि सगळ्या जुन्या गिरणीच्या बंधाऱ्याकडे धावल्या, कारण पोर हरवलं की माणूस आधी पाण्याकडे धावतो. मीही धावले. लिश्का बुटांसकट पाण्यात उतरली. मी काठावर उभी राहून "ब्येत्का! ब्येत्का!" ओरडत होते. खाणीच्या बरोबर उलट दिशेला तोंड करून. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

शिबिरापासून खाण दहा मिनिटांवर आहे. वनरक्षकाच्या कुत्र्याला ती साडेआठला खाणीच्या तळाशी सापडली. डॉक्टरांच्या कागदावर मृत्यूची वेळ होती, सहा ते आठ. त्या दोन तासांत मी तीस वर्षं राहते आहे.

पोरांवर लक्ष ठेवलं नाही म्हणून सगळ्यांनी लिश्काला धरलं. तिनं पथक सोडलं, शाळेतली नोकरी सोडली, पुढं वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे घालत बसली. रस्त्यात दिसली की मलाच विचारायची, "बरी आहेस ना गं पाखरा?" अकरा वर्षांपूर्वी वारली. तिलाही मी काही सांगितलं नाही.

पाकिटात माझी चकती घातली आहे. तिसरं पीस मी स्वतः कोरलं होतं, त्या वर्षीच्या हिवाळ्यात, कुणी सांगितलं नसताना. तुला हवं ते कर तिचं.

मावशींना हे काही सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हा हक्क आता तुझा. त्या फारसं जेवत नाहीत. परवा योहान्कानं सफरचंद किसून भरवलं, चार चमचे घेतले, आणि म्हणाल्या, "ब्येत्काला पण द्या." योहान्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "देते हं आजी," आणि पाचवा चमचा स्वतः खाल्ला.

सोयका हे नाव मी या पत्राखाली घालत नाही.

ब्लांका

ल्होत्का, २५ ऑक्टोबर २०२४

वेंदुला,

तुझं कार्ड काल आलं. समोर समुद्र, मागे एकच ओळ: "ती नेमकं काय म्हणाली? शब्दन् शब्द सांग."

मी तुला तीन पत्रं लिहिली. माझं पाप हप्त्याहप्त्यानं पाठवलं. आणि तू बोट ठेवलंस ते त्याच एका ओळीवर, जी मी "पोरांचं बोलणं" म्हणून पुढं ढकलली होती. तुला तिथं काहीतरी दडवल्याचं दिसलं का? की बहीण म्हणून तुला तिचं शेवटचं बोलणं फक्त हवं होतं? दोन्ही तुझंच आहे. माझ्याकडे ते चोरीचा माल म्हणून होतं.

बाकावर तू मला हाकेचं सांगितलंस, त्याच क्षणी मला ते आठवलं होतं. तुझा हात माझ्या हातात होता. तोंड उघडलं असतं तर तुझ्या छातीवरचा दगड तिथंच उतरला असता. पण ते वाक्य सांगायचं तर ते मी कधी ऐकलं हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले, आणि तू माझे आभार मानलेस. खाणीचं, सहा वाजताचं, त्या सगळ्याला मी पोरवयाची भीती म्हणू शकते. बाकावरच्याला नाही. आणि त्यानंतरच्या एकाही वर्षाला नाही. तू एकोणिसाव्या वर्षी निघालीस तेव्हा बसस्टँडवर मी तुला शिदोरी बांधून दिली आणि हे दिलं नाही.

तर ऐक. मी यातला शब्दही विसरलेले नाही, कारण रोज म्हणते.

ती माझ्यासमोर बसली. बटाट्याचं एक साल उचलून मिशी म्हणून ओठावर लावलं, मी हसते का बघायला. मी हसले नाही. मग म्हणाली:

"तुलाच सांगते. कारण तू कुणाला सांगूच शकत नाहीस. मी खाणीवर चाललेय, रास्पबेरीत. वेंदा तिथंच आहे, मला ठाऊक आहे. पण मी तिला शोधणार नाहीये हं! दिसली तरी डोळे मिटून घेईन. तिला कुणी बघितलं तर तिचं पीस जाईल ना. बुख्ता नुसती झाडाखाली ठेवणार आणि येणार."

उठली. दोन पावलं गेली. परत आली.

"आणि एकदाच हाक मारीन. परीक्षा म्हणून. तिनं ओ दिली तर ती कच्ची. नाही दिली ना, तर आमची वेंदा सगळ्या शिबिरात पक्की! पण ती देणारच नाही. बघशील तू."

मग माझ्या ओठांवर बोट ठेवलं, खसखस लागलेलं, आणि गेली.

तू ऐकलीस ती हाक मदतीची नव्हती. अडीचच्या सुमाराला ऐकलीस असं तू म्हणाली होतीस, आणि ती नीट, मोठ्यानं, लांबवून मारलेली होती असंही. ती परीक्षेची हाक होती. मग तिचा पाय कसा सरकला, बुख्ता ठेवताना की परत फिरताना, ते मला माहीत नाही आणि त्याबद्दल मी तुला काही गोड सांगणार नाही. पण हाक मारून झाल्यावर ती तिथं उभी राहिली असेल, कान देऊन. रानात काहीच वाजलं नसेल. आणि तिला काय वाटलं असेल ते तुला आणि मला दोघींना कळतं.

माफी मी मागत नाही. मावशी दुपारी दोन ते चार जाग्या असतात, खिडकीकडे तोंड करून. तू येशील त्या वेळी मी तिथं नसेन. पोरींना सांगितलं आहे, या मंगळवारी आपण गाणार नाही. योहान्कानं विचारलं, का. मी म्हणाले, सांगते, बसा सगळ्या, लांब गोष्ट आहे. ती मी त्यांना सांगितली. सगळी, माझ्या "नाही"सकट. योहान्कानं गाण्यांची वही मिटून पिशवीत घातली.

तिनं हाक मारली, वेंदुला, आणि तू ओ दिली नाहीस. तू पक्की निघालीस. हे तिला कळलं होतं आणि मला ठाऊक होतं. फक्त तुलाच कुणी सांगितलं नाही.

ब्लांका